गोळ्या वरणात कालवू नका, ताई

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय): पूर्व विदर्भात धानपट्ट्यातलं गाव. लिहिणाऱ्या ताई २९ वर्षांच्या, लेकरं दोन, ७ आणि ४ वर्षांची. दिवाळीच्या आधी एका रात्री दहा वाजल्यानंतर आरोग्य खात्याची माणसं गावात आली, बोटाला टोचून रक्त घेऊन गेली. नवऱ्याचा रिपोर्ट हत्तीरोगाचा पॉझिटिव्ह आला. त्याचा पाय सुजलेला नाही, काही दुखत नाही, रोज वावरात जातो. त्याला १२ दिवसांच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्याच दिवशी ताप, अंगदुखी, ओकारी. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी उरलेल्या गोळ्या चुलीत टाकल्या. आता फेब्रुवारीत सगळ्या गावाला गोळ्या खाऊ घालणार असं आशाताई सांगून गेली आणि सासूबाईंनी जाहीर केलंय, "चांगल्या माणसाले बिमार करते ते औषध, आपल्या घरी कोणी खायचं नाही." सासूबाईंच्या सख्ख्या बहिणीचा पाय २० वर्षांपासून हत्तीपाय आहे. त्यात नणंदेची सोयरीक मंडईत (दिवाळीनंतरच्या गावजत्रेत) जुळली, पाहुण्यांच्या कानावर हे जाऊ नये म्हणून घरात सगळे गप्प. ताई विचारतात, लेकरांना होईल का? नवऱ्याची भांडी, टॉवेल वेगळे करू का? आणि सासूबाई शिकलेल्या नाहीत, समजावून उपयोग नाही, तर आशाताईकडून गोळ्या मागून घेऊन सगळ्यांच्या वरणात कालवून देऊ का?

ताई,

आधी भांड्यांचं. भांडी वेगळी करू नका. टॉवेल, चादर, अंथरूण, काहीच वेगळं करायचं नाही. हत्तीरोग शिवल्यानं होत नाही, उष्टं खाल्ल्यानं होत नाही, नवरा-बायको एकत्र राहिल्यानं होत नाही आणि बापाकडून लेकराला रक्तातून जातो असंही नाही. तो डासातून जातो, फक्त डासातून. एका घरात दोघांतिघांना असला की लोक म्हणतात खानदानी आहे, पण त्या घरात खानदानी काय असते तर मागची नाली.

मी ३० वर्षं आरोग्य सेविका म्हणून काम केलं, त्यातली कितीतरी वर्षं धानाच्या गावात. रात्रीचं रक्त घ्यायला गेलो की आधी कुत्रे भुंकायचे आणि मग माणसं. "दिवसा काहून नाही येत तुम्ही?" हा प्रश्न प्रत्येक दारात. त्याचं उत्तर नीट समजलं की तुमच्या नवऱ्याचा ताप पण समजतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हत्तीरोगाचे किडे सुतासारखे बारीक असतात. मादी ८-१० सेंटिमीटर लांब, आणि राहतात कुठं तर आपल्या अंगात रक्ताच्या नळ्यांसारख्या ज्या दुसऱ्या बारीक नळ्या असतात, लसीकावाहिन्या म्हणतात त्यांना, त्यात. तिथं ते पाचसात वर्षं जगतात आणि लाखो पिल्लं सोडतात. ती पिल्लं इतकी बारीक की सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात, आणि दिवसा ती फुप्फुसाच्या आतल्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात, रात्री दहा ते दोनच्या दरम्यान बाहेरच्या रक्तात येतात. कारण त्यांना उचलून नेणारा क्युलेक्स डास रात्रीच चावतो. डासानं ती शोषली की त्याच्या अंगात दहाबारा दिवस वाढतात आणि मग तो ज्याला चावेल त्याच्या कातडीवर उतरतात. डासाचा यात हात आहे हे पॅट्रिक मॅन्सन नावाच्या डॉक्टरनं १८७७ मध्ये चीनमध्ये दाखवलं, म्हणजे ही गोष्ट दीडशे वर्षं जुनी आहे, आणि तरी आपल्याकडं अजून लोक म्हणतात पाण्यानं होते, करणीनं होते.

तर दहाच्या नंतर रक्त घेतलं म्हणून तुमच्या नवऱ्याच्या रक्तात ती पिल्लं सापडली. दुपारी घेतलं असतं तर रिपोर्ट कोरा आला असता आणि सगळे खूश.

आता ताप. हा तुमच्या पत्रातला मुख्य गैरसमज आहे आणि तो फक्त सासूबाईंचा नाही, तुमच्या लिहिण्यात पण तो डोकावून राहिला. तुम्ही लिहिलं "औषध त्यांना सोसलं नाही." ताई, त्यांना डीईसी या हत्तीरोगाच्या औषधाची गोळी दिली होती, ती पोटात गेल्यावर रक्तातली ती हजारो पिल्लं एकदम मरायला लागतात, आणि एवढं मेलेलं रक्तात पडलं की अंग त्याच्याविरुद्ध उठतं, ताप येतो, डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. ज्याच्या रक्तात पिल्लं जास्त त्याला त्रास जास्त. ज्याच्या रक्तात काहीच नाही त्याला बहुतेक वेळा काहीच होत नाही, म्हणूनच गावात दहा जणांनी गोळ्या खाल्ल्या तर आठनऊ जण दुसऱ्या दिवशी कामावर असतात आणि एखादा तापानं पडतो. आणि बोभाटा त्या एकाचाच होते! खरं म्हणजे त्या पडलेल्या माणसालाच गोळीची सगळ्यात जास्त गरज होती.

पण हे त्या दिवशी कोणी तुमच्या घरी बसून सांगितलं होतं का? नसेल सांगितलं. गोळ्या दिल्या, सही घेतली, गेले. मग रात्री माणूस तापानं फणफणल्यावर आईनं गोळ्या चुलीत टाकल्या तर त्यात तिचं काय चुकलं, सांगा. समोर दिसलं त्यावरून तिनं निर्णय घेतला. माझ्या डोळ्यासमोर माझ्या लेकाला असं झालं असतं आणि मला नर्सिंगचं काही माहीत नसतं तर मी पण तेच केलं असतं.

नवऱ्याला एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा. उरलेला कोर्स मनानं परत सुरू करू नका, कोणाच्या उरलेल्या गोळ्या मागून पण खाऊ नका. डॉक्टरांना सगळं सांगा, ताप कधी आला, किती गोळ्या झाल्या, ओकारी किती वेळा. ते जेवणानंतर घ्यायला सांगतील, तापाची गोळी सोबत देतील, आणि हा त्रास साधारण पहिल्या दोनतीन दिवसांतच जास्त असतो, मग बसतो. श्वास लागला, अंगावर खूप गांधी उठल्या किंवा चक्कर येऊन पडले तर मात्र वाट बघत बसायचं नाही, लगेच दवाखाना. कधीकधी अंडाशी किंवा जांघेत दुखरी गाठ येते, ती मोठा किडा मेल्याची असू शकते, ती पण दाखवून द्या, लाजू नका. आणि हो, रिपोर्ट पॉझिटिव्ह म्हणजे पाय सुजणारच असं नाही. पुष्कळ लोकांना जन्मभर काही दिसत नाही. तुमच्या नवऱ्याचं लवकर सापडलं, पाय फुगल्यावर नाही सापडलं, हे नशीबच म्हणायचं.

आता तो प्रश्न जो गावातले सगळे विचारतात, आम्ही चांगले आहो मग आम्ही गोळ्या काहून खायच्या. तुमचा नवरा चांगला होता की नाही दिवाळीच्या आधी? चांगलाच होता. आणि रोज रात्री डास त्याला चावून तुम्हाला, लेकरांना, शेजारच्याला चावत होते. कोणाच्या रक्तात आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही, आणि रोज रात्री सगळ्या जिल्ह्याचं रक्त तपासता येत नाही, म्हणून सगळ्यांनी एकाच वेळी गोळ्या घ्यायच्या आणि पिल्लं रक्तातून इतकी कमी करायची की डासाला न्यायला काही उरू नये. देशात ही मोहीम २००४ पासून चालू आहे. एकूण लोकसंख्येतल्या किमान ६५ टक्के लोकांच्या पोटात गोळी जायला पाहिजे असा हिशोब आहे. पोटात बरं का, हातात नाही.

इथं माझी पण कबुली ऐका. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही गोळ्या लोकांच्या हातात देऊन, रजिस्टर भरून पुढच्या घरी जायचो. रोवणीचे दिवस, लोक म्हणायचे ठेवा तिथं, संध्याकाळी खातो. कागदावर गाव पूर्ण. मग एकदा एका घराच्या मागं नालीत मला पांढऱ्या गोळ्या फुगून पडलेल्या दिसल्या, आणि त्याच नालीत डासांच्या अळ्या. त्यावर मी जास्त काही लिहीत नाही. आता समोर उभं राहून खायला लावतात त्याचं कारण हेच आहे, तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही.

आणि आता औषध पण बदललंय, हे सासूबाईंना जरूर सांगा, कारण त्यांच्या डोक्यात जुन्याच गोळ्या असतील. आधी दोन औषधं असायची, डीईसी आणि जंतांवरची अल्बेंडाझोल. आता बऱ्याच जिल्ह्यांत त्यात तिसरं आलंय, आयव्हरमेक्टिन. हो, तीच कोरोनात गाजलेली गोळी, कोरोनावर तिचा काही उपयोग सिद्ध झाला नाही पण किड्यांवर ती पक्की आहे, ती शोधणाऱ्यांना २०१५ चं नोबेल मिळालं ते किड्यांच्या रोगांसाठीच. पापुआ न्यू गिनी नावाच्या बेटांच्या देशात याचा अभ्यास झाला, २०१८ मध्ये तो छापून आला. तिन्ही औषधं एकदाच दिली आणि वर्षानं रक्त तपासलं तर १०० पैकी ९६ लोकांच्या रक्तात एकही पिल्लू नाही, दोनच औषधं एकदा दिलेल्यांमध्ये हेच प्रमाण ३२. एवढा फरक. भारतात ही तीन औषधांची पद्धत ज्या जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली त्यात आपलं नागपूर होतं, २०१९ च्या जानेवारीत. आपला विदर्भ या रोगाच्या बाबतीत नुसता रोगी नाही बरं, सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात हत्तीरोगाच्या रक्ततपासणीवर कित्येक वर्षं संशोधन झालंय. श्रीलंकेनं हा रोग हटवल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये मान्य केलं, बांगलादेशचं २०२३ मध्ये. बांगलादेशात काय डास नाहीत? धान नाही? आपण २०२७ ची तारीख धरून बसलो आहो, बघू.

मग वरणात कालवायला हरकत काय असं तुम्हाला वाटेल. हरकत आहे, आणि ती आधी औषधाची आहे. आयव्हरमेक्टिन उंचीप्रमाणे देतात, आशाताई पट्टी घेऊन येते ती त्यासाठी. ९० सेंटिमीटरच्या वरच्या लेकराला एक, आणि १५९ च्या वरच्या मोठ्या माणसाला चार. डीईसी वयाप्रमाणे, मोठ्या माणसाला तीन. अल्बेंडाझोल चावून खायची. म्हणजे एका उंच माणसाच्या हातावर आठ गोळ्या पडतात, ते पाहूनच अर्धे लोक घाबरतात. हे सगळं तुम्ही कढईत टाकणार, मग कोणाच्या ताटात किती गेलं? तुमच्या चार वर्षांच्या लेकराला आयव्हरमेक्टिन द्यायचीच नाही, पाच वर्षांच्या आत देत नाहीत, त्याला बाकीच्या दोनच. सात वर्षांच्याला तिन्ही. गरोदर बाईनं यातलं काहीच खायचं नाही, बाळंत होऊन आठवडा झाला नसेल तिनं नाही, दोन वर्षांखालच्या लेकरानं नाही, कोणी फार आजारी असेल त्यानं नाही. तुमची स्वतःची पाळी चुकली असेल तर आशाताईला आधी सांगा. आणि उपाशीपोटी कोणीच नाही, भात-वरण खाऊन मगच.

दुसरं असं की समजा कालवून दिल्या आणि सासऱ्यांना नाहीतर दिराला ताप आला. तुम्हाला कारण माहीत, बाकी कोणाला नाही. दवाखान्यात डॉक्टर विचारतील काय खाल्लं, तुम्ही गप्प बसणार? आणि उद्या कळलं तर त्या घरात तुम्ही केलेलं जेवण कोणी आधीसारखं खाईल का? सून जेवणात काहीतरी घालते हा शब्द गावात एकदा निघाला ना, तर तो तुमच्या लेकरांच्या लग्नापर्यंत पुरतो. नका ताई, अजिबात नका.

स्वतःचं मात्र तुम्ही ठरवू शकता. २९ वर्षांच्या आहात, तुमचं अंग आहे. आशाताई आली की तिच्या समोर, सगळ्यांच्या समोर, जेवून गोळ्या खा. लपून नाही. लेकरांचं नवऱ्याशी आधी बोला, तो त्यांचा बाप आहे आणि त्याला तापाचं खरं कारण कळलं तर तो स्वतःच उभा राहील असं मला वाटते. आई लेकाचं ऐकते, सुनेचं ऐकायला वेळ लागतो, हे काही मी तुम्हाला सांगायला नको.

सोयरिकीचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. भावाच्या रक्तात पिल्लं सापडली म्हणून बहिणीच्या लग्नाला काही बाधा नाही, रोग वंशानं जात नाही हे वर सांगितलंच. तुमच्या नवऱ्याचा रिपोर्ट हा त्याचा खाजगी कागद आहे, तो पाहुण्यांपुढं ठेवायचं कारण नाही आणि त्याच्याबद्दल शपथा खायचं पण कारण नाही. कोणी सरळ विचारलंच तर सरळ सांगा, तपासणीत निघालं होतं, औषध चालू आहे. नणंदेनं स्वतःच्या गोळ्या खाव्या आणि निवांत सासरी जावं. पाहुण्यांचं गाव पण धानपट्ट्यातलंच असेल ना, मग त्यांच्या घरी सगळ्यांचं रक्त तपासलंय का हे कोणी विचारलं? गंमत आहे सगळी.

मागच्या नालीचं पण बघा. हा डास घाण साचलेल्या पाण्यात होतो, डेंग्यूचा स्वच्छ पाण्यात, त्यामुळं कोरडा दिवस पाळून (आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून) याचं काही बिघडत नाही. नहाणीचं पाणी शोषखड्ड्यात सोडा, संडासच्या टाकीचा जो पाइप वर जातो त्याच्या तोंडाला जाळी बांधा, एक जुनं पातळ कापड पण चालते. आणि रात्री मच्छरदाणी.

आता सासूबाई. तुम्ही लिहिलं त्या शिकलेल्या नाहीत म्हणून समजत नाही. मला तुमचं पत्र वाचून वेगळंच वाटलं. त्यांची सख्खी बहीण २० वर्षं तो पाय ओढत आहे. त्या बहिणीनं पण कधीतरी गोळ्या खाल्ल्या असतील आणि पाय तसाच राहिला असेल, कोणीतरी डॉक्टरनं सांगितलं असेल आता याचं काही होत नाही. मग सासूबाईंनी गोळीवर विश्वास कुठून आणायचा? गोळी किड्यांना मारते, फुगलेला पाय परत बारीक करत नाही, हा फरक त्यांना कोणी सांगितलाच नाही. म्हणून माझं म्हणणं, फेब्रुवारीच्या आधी गोळ्यांवरून एक शब्द भांडू नका. मावशीबाईंच्या पायापासून सुरुवात करा.

त्या पायाला खरंच बरंच करता येते. पाय वाढत जातो तो मुख्यतः वरचेवर येणाऱ्या तापामुळं, अचानक पाय लाल होतो, गरम होतो, हुडहुडी भरते, तीनचार दिवस माणूस उठत नाही. विचारा त्यांना, वर्षातून किती वेळा येतो, बहुतेक रोवणीच्या दिवसांत जास्त सांगतील. कारण चिखलात उभं राहून बोटांच्या मधात चिखल्या होतात, कातडी फाटते, तिथून जंतू आत जातात. मोठ्या किड्यांचा त्यात आता काही संबंध उरलेला नसतो. म्हणून औषध काय, तर साबण आणि पाणी. हसू नका. अलीकडं भारतात आणि आफ्रिकेतल्या मालीमध्ये अशा पायांवर डॉक्सिसायक्लीन नावाच्या गोळ्या देऊन पाहिल्या, सगळ्यांना पाय धुवायची पद्धत पण शिकवली, आणि फायदा दिसला तो धुण्याचा, गोळीचा त्याच्यावर वेगळा असा दिसला नाही.

आरोग्य केंद्रात हत्तीपायवाल्यांसाठी किट मिळते, टब, मग, साबण, टॉवेल, मलम असं. हत्तीरोगाचं काम पाहणारे कर्मचारी किंवा आशाताई यांना नाव नोंदवायला सांगा. घरात कोणा पुरुषाला अंडवृद्धी असेल, आणि अशा गावात ती असते फक्त कोणी बोलत नाही, तर त्याचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात होते, ते पण त्याच वेळी विचारून घ्या.

धुवायचं असं. रोज एकदा, शक्यतो रात्री झोपायच्या आधी. पाणी साधं, गरम नाही. साबण हातावर घेऊन फेस करायचा आणि हातानंच वरून खाली हळूहळू, दगड नाही, घासणी नाही. बोटांच्या मधात आणि कातडीच्या घड्यांत बोट घालून. मग मऊ कापडानं टिपून पूर्ण कोरडं करायचं, बोटांच्या मधात ओल राहिली तर सगळं वाया. चिखल्यांवर डॉक्टरांनी दिलेलं मलम. मग पाय उशीवर उंच ठेवून घोटा वरखाली हलवायचा, दहापंधरा वेळा. बिब्बा लावायचा नाही, डागायचं नाही, सुई टोचून पाणी काढायचं नाही, हे तिन्ही मी पाहिलंय आणि तिन्हीचे परिणाम पण पाहिलेत. आणि तो लाल होऊन ताप येईल त्या दिवशी व्यायाम बंद, ओल्या कापडाची थंड पट्टी, आणि दवाखाना, कारण तेव्हा अँटिबायोटिक लागते.

पहिल्यांदा तुम्ही स्वतः धुऊन द्या. मावशीबाई संकोच करतील, पाय मागं घेतील, २० वर्षांत त्या पायाला घरच्यांशिवाय कोणी हात लावला नसेल, कदाचित घरच्यांनी पण नाही. सासूबाईंना शेजारी बसवा, टॉवेल त्यांच्या हातात द्या. काही समजावू नका तेव्हा. पंधरा दिवस, महिनाभर चाललं की घड्यांतला वास जातो, चिखल्या भरतात, ते त्यांना आपोआप दिसेल. मग एक दिवस त्या स्वतःच विचारतील, हिले पाय असा झाला तर माह्या लेकाले पण होईल का? तेव्हा तापाची गोष्ट सांगा, पिल्लं मेल्याची. त्या दिवशी आशाताईला घरी चहाला बोलावलेलं असेल तर आणखी बरं, ती उंचीची पट्टी घेऊनच येईल.

आणि समजा फेब्रुवारीत सासूबाईंनी नाहीच खाल्ल्या, तर राहू द्या. तुम्ही, लेकरं, नवरा, नणंद एवढ्यांच्या पोटात गेल्या तरी त्या घरातनं डासाला न्यायला फार काही उरत नाही. ही मोहीम पुढच्या वर्षी पण येते. चुकलेल्या लोकांसाठी आशाताई मोहिमेनंतर काही दिवस परत चक्कर मारते, कधी येणार ते तिला विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवा.